कॅथरिन सेगरची वाट: नऊ वर्षांच्या मुलीची आठवण गाडीच्या मापाने वाचताना

मिसुरी नदी ओलांडून ओरेगनकडे निघालेल्या अमेरिकन कुटुंबांच्या आठवणी पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीतरी बायकांनी लिहिलेल्या आहेत. लहानपणी ती वाट तुडवली आणि मोठेपणी, मुलंबाळं झाल्यावर, कागदावर उतरवली. अशा आठवणी एका बैठकीत वाचल्या की हाती फक्त हळहळ लागते. म्हणून मी एक क्रम धरते. आधी गाडी समजून घ्यायची, मग बैल, मग शिधा, मग अंतर आणि दिवस. हे चार हिशोब हाताशी असले की आठवणीतलं प्रत्येक वाक्य कुठे उभं राहून, किंवा कुठे पडून, पाहिलेलं आहे ते कळायला लागतं.

हा क्रम कॅथरिन सेगरच्या आठवणींवर लावून दाखवते. १८४४ च्या एप्रिलमध्ये सेगर कुटुंब मिसुरीतल्या सेंट जोसेफजवळून निघालं तेव्हा कॅथरिन नुकतीच नऊ पूर्ण झाली होती. वडील हेन्री, आई नेओमी, थोरले दोन मुलगे जॉन आणि फ्रान्सिस, मग कॅथरिन, एलिझाबेथ, मटिल्डा, लुइझा अशा चार मुली. सातवं मूल आईच्या पोटात. कॅथरिनने हे सगळं लिहिलं सुमारे १८६० साली, म्हणजे सोळा वर्षांनी. निवेदन आटोपशीर आहे, पण त्यात वायफळ वाक्य जवळजवळ नाही.

आता गाडी. सिनेमातली ती दोन्ही टोकांना वर गेलेली नावेसारखी अवजड गाडी या वाटेवर क्वचितच होती. बहुतेकांनी शेतावरचीच साधी चारचाकी नेली. साटा, म्हणजे माल भरायचा लाकडी खोका, साधारण तीन ते साडेतीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, बाजूच्या फळ्या गुडघ्याच्या थोड्या वर. त्यावर हिकरी लाकडाच्या वाकवलेल्या कमानी आणि जवसाच्या तेलाने भिजवलेलं जाड सुती कापड. गाडीचं स्वतःचं वजन सहाशे किलोच्या आसपास, वर माल ९०० ते ११०० किलो. त्याहून जास्त भरला की बैल मरतात, हे अनुभवाने ठरलेलं होतं. चाकाचे भाग आपल्याकडच्यासारखेच: मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेरून लाकडी पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. वंगण म्हणजे डांबर आणि चरबी, त्याची बादली मागच्या आखाला टांगलेली.

आपल्या बैलगाडीशी असलेला फरक मात्र नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे सगळं त्यावर अवलंबून आहे. आपली गाडी दोन चाकांची. ही चार चाकांची, म्हणजे खरं तर एका लांब तुळईने जोडलेल्या दोन गाड्या. पुढची चाकं लहान, कारण पुढचा आख एका लोखंडी खिळीवर डावा-उजवा फिरतो आणि मोठी चाकं साट्याला घासली असती. मागची मोठी, मागचा आख न फिरणारा. कमानपाटे, म्हणजे हादरे झेलणाऱ्या स्प्रिंगा, नाहीत. शेतगाडीला त्या काळी ब्रेकही बहुधा नसायचा. उतारावर मागच्या चाकाला साखळी बांधून ते फिरू न देता घसरत न्यायचे.

बैलांना वशिंड नव्हतं. त्यामुळे जू आपल्यासारखं वशिंडाला टेकत नाही. मानेवर बसतं आणि खालून वाकवलेल्या लाकडाची कमान गळ्याभोवती जाऊन जुवात अडकते, ओढ खांद्यांवर येते. वेसण नाही, कासरा नाही. हाकणारा डाव्या बाजूने पायी चालतो, आसूड आणि आवाज एवढंच त्याच्या हाती. ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, ‘जी’ म्हटलं की उजवीकडे. गाडीत बसून बैल हाकता येत नाहीत. म्हणजे गाडीत जे कोणी आहे ते एकतर लहान आहे, आजारी आहे किंवा बाळंत होणारी बाई आहे. बाकी सगळे चालत.

एवढं कळलं की कॅथरिनचं सुरुवातीचं एक बारीक वाक्य एकदम जागेवर बसतं. ती सांगते की गाडीच्या हेलकाव्यांनी सगळ्यांना मळमळायला लागलं, ते अंगवळणी पडायला कित्येक आठवडे गेले. आणि पाऊस आला की वरचं कापड खाली बांधून घ्यावं लागे, मग आतली हवा कोंडून त्रास आणखी वाढे. १८४४ चा वसंत कॅन्सस आणि मिसुरी नद्यांच्या मोठ्या पुराचा होता. आई त्या वेळी आठव्या महिन्यात. कमानपाटे नसलेल्या गाडीत, तेल लावलेल्या कापडाच्या वासात, चार लहान मुलींसह ती बसून होती. मे अखेरीस वाटेतच तिला मुलगी झाली. कॅथरिन बाळंतपणाचं वर्णन करत नाही. त्या पिढीच्या बायका ते करत नसत, तिथे रिकामी जागा पाहून नवल वाटून घेऊ नये.

पहिल्याच दिवसांतली दुसरी गोष्ट: रात्री गुरं नदी ओलांडून परत आपल्या हिवाळ्यातल्या गोठ्याकडे गेली. ती शोधून आणायची, मग तांडा गाठायला जास्तीची मजल मारायची. हे जवळपास प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत सापडतं आणि कारण साधं आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जनावराला घर जवळ असतं आणि चारा तिथला ओळखीचा असतो. म्हणून अनुभवी लोक सुरुवातीलाच रात्रीचा पहारा कडक ठेवत.

वडिलांबद्दल ती दोन गोष्टी सांगते, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. एक, मिसुरीत ते शेतीबरोबर लोहारकी करत, आणि काही बनवायचं किंवा दुरुस्त करायचं असलं की लोक त्यांच्याकडे येत. दोन, बैल हाकणं त्यांना जमत नव्हतं. या वाटेवर लोहार असणं ही मोठी ठेव होती. पठाराच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पुठ्ठे सैल होतात आणि धाव चाकावरून उतरते. तात्पुरता उपाय म्हणजे चाक रात्रभर नदीत बुडवून ठेवायचं किंवा धाव आणि पुठ्ठ्याच्या मधे लाकडी पाचरी ठोकायच्या. पक्का उपाय म्हणजे धाव कापून लहान करायची, जोडायची, लाल तापवून पुन्हा चढवायची. हे लोहाराचं काम. पण लोहाराचा हात गाडी शाबूत ठेवतो, ती उलटण्यापासून वाचवत नाही.

त्यांच्याकडे जुन्या, शांत बैलांच्या दोन जोड्या होत्या आणि बाकी अर्धवट शिकवलेले तरणे. रीत अशी की एक जाणती जोडी धुरेला, म्हणजे दांडीशी, आणि एक सगळ्यात पुढे. शिकाऊ जनावरं मधे. पुढची जोडी आवाज ऐकून वळते, धुरेची जोडी दांडी सांभाळते, मधल्यांना दोन्हीकडून शिस्त लागते. तरीही मधले चार बिथरले की जाणत्या दोन जोड्यांना ते आवरत नाहीत. एकदा तांड्याचे कप्तान विल्यम शॉ यांनी या तरण्या बैलांवर दगडांचा मारा करून त्यांना ताळ्यावर आणलं, असं कॅथरिन लिहिते. साउथ प्लॅट नदी ओलांडल्यावर थोड्याच दिवसांत बैल एका दरडीवर चढले आणि गाडी उलटली. आईला जबर मार लागला, तंबू उभारून त्यात तिला झोपवलं आणि ती बराच वेळ बेशुद्ध होती. नवजात मूल पदरी असलेल्या बाईला हा मार बसला होता. पुढे तिची तब्येत ढासळण्याचं कारण शोधताना बरेच जण थेट तापाकडे जातात. मी या उलटलेल्या गाडीपासून मोजायला सुरुवात करते.

गाडी उलटण्याचं कारणही रचनेत आहे. चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास आणि माल उंच रचलेला. पुढचा आख फिरता असल्यामुळे बैल एकदम बाजूला वळले की पुढचं चाक वर चढतं, मागचं खालीच राहतं, साटा तिरपा होतो. त्यात पिठाची पोती घसरली की संपलं. म्हणून जड माल तळाशी, मधोमध आणि दोरीने जखडून ठेवायचा असतो. पण रोज स्वयंपाकाला पीठ काढायचं, रोज अंथरूण काढायचं, म्हणजे ही बांधणी रोज सुटते.

आता १ ऑगस्ट. ही तारीख कॅथरिनने स्वतः दिली आहे. प्लॅटच्या उत्तर तीरावर एका सुंदर झाडीत दुपारचा मुक्काम झाला. एव्हाना मुलांना चालत्या गाडीतून चढण्या-उतरण्याची सवय झाली होती. दुपारनंतर तसंच उतरताना तिचा झगा कुऱ्हाडीच्या दांड्याला अडकला, ती चाकाखाली गेली आणि वडिलांनी बैल थांबवेपर्यंत चाक पायावरून गेलं. उचलून घेतलं तेव्हा पाय लोंबत होता.

मुलं चालत्या गाडीतून का उतरत? कारण एका गाडीसाठी रांग थांबत नाही. बैल तासाला तीन-साडेतीन किलोमीटर चालतात, त्या वेगात उडी मारणं मुलाला सोपं वाटतं. मागची बाजू मालाने बंद, म्हणून उतरायचं पुढून, दांडीजवळून. तोल गेला तर मूल पडतं ते थेट पुढच्या चाकासमोर. भरलेल्या गाडीच्या एकेका चाकावर ४०० किलोच्या आसपास भार येतो. ऑगस्टपर्यंत पीठ बरंच संपल्याने तो काही कमी झाला असेल, पण धाव लोखंडाची आणि चार बोटांहून कमी रुंद. हाकणारा बैलांच्या बाजूला, तोंड पुढे. आरडाओरडा ऐकून तो बैलांना थांबवतो तोवर चाक अर्धा फेरा फिरलेलं असतं. एक वर्ष आधी, जुलै १८४३ मध्ये, याच वाटेवर जोएल हेंब्री नावाचा साधारण सहा वर्षांचा मुलगा गाडीच्या दांडीवरून पडून चाकाखाली गेला आणि दगावला. ओळख पटलेल्या कबरींमध्ये त्याची कबर या वाटेवरची सगळ्यात जुनी मानतात. मुलांना या वाटेवर खरा धोका कशाचा होता असं कोणी विचारलं तर माझ्या मते चाक, विस्तव, नदी आणि ताप हे त्याचं उत्तर आहे. कॅथरिनच्या आठवणीत हे चारही आहेत. मूलनिवासींनी मुलांना इजा केल्याचा तिच्या प्रवासात एकही प्रसंग नाही. सुरुवातीला एकदा गुरं पळवली गेली, इतकंच.

पाय बसवला गेला. तांड्यातला एक जर्मन डॉक्टर त्यासाठी सापडला. १८४४ साल आहे: ईथर देऊन भूल द्यायला अजून दोन वर्षं होती, प्लास्टर ऑफ पॅरिसचं बँडेज १८५० नंतरचं. म्हणजे हाड ओढून सरळ करायचं, लाकडी पट्ट्या लावायच्या, कापडाने आवळायचं, आणि हे सगळं मूल शुद्धीत असताना. त्याच संध्याकाळी तांडा पुढे निघाला आणि अंधार पडल्यावर फोर्ट लॅरमी या वाटेवरच्या व्यापारी ठाण्याला पोचला. तुटलेल्या पायाला सगळ्यात आधी स्थिरता लागते, आणि तिला मिळालं ते कमानपाटे नसलेल्या साट्यात पडून राहणं. उरलेला सगळा प्रवास तिने गाडीतच केला.

इथे वाचताना थांबायचं. या दिवसापासून निवेदनाची उंची बदलते. १ ऑगस्टच्या आधी कॅथरिन चालणारी, पळणारी मुलगी आहे. तिला मुक्कामावरची वाद्यं, हसणं, शेकोट्या, वडिलांनी खांद्यावर टाकून आणलेलं हरिण दिसतं. त्यानंतर ती आडवी आहे. मी तिच्या मजकुराच्या समासात त्या जागी रेघ ओढून ठेवली आहे, आणि रेघेखालच्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: गाडीत पडलेल्या मुलीला हे दिसलं, ऐकू आलं, की नंतर कोणी सांगितलं?

पुढच्या भागाला ही कसोटी फार उपयोगी पडते. लॅरमीनंतर वडील आणि दोघे भाऊ आजारी पडले. हाकायला जर्मन डॉक्टर आला. हाडं बसवण्यात तो चांगला होता, पण बैलांच्या बाबतीत कच्चा. नदी आली की आजाऱ्यांनाच अंथरुणातून उठून पाण्यात उतरावं लागे. एके दिवशी चार बायसन त्यांच्या आणि मागच्या गाडीच्या मधून धावले. वडील अशक्त असूनही बंदूक घेऊन मागे गेले आणि परतल्यावर पुन्हा अंथरुणाला खिळले. ग्रीन नदी ओलांडल्यावर संध्याकाळी, ती पडून होती तिकडे पाहून ते म्हणाले की या पोरीचं काय होणार. हे तिने स्वतः ऐकलेलं आहे, समोरासमोर. कप्तान शॉ यांना ते रडताना सापडले, कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली, हेही काही अंतरावरून ऐकता येण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना नदीकाठी पुरलं. झाडाचं खोड कोरून केलेल्या दोन डोणी एकमेकींवर पालथ्या घालून शवपेटी केली होती. फळ्या नसलेल्या मुलखात हाच मार्ग होता.

त्यापुढचं वाक्य मात्र वेगळ्या जातीचं आहे: पुढच्या वर्षी आलेल्या प्रवाशांना त्यांची हाडं उघड्यावर दिसली, मूलनिवासींनी ती उकरली होती. हे कॅथरिनने पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नव्हतं. लांडगेसुद्धा कबरी उकरत, म्हणूनच कित्येक कुटुंबं मृताला रस्त्यातच पुरून वरून गाड्या नेत, म्हणजे माती दाबली जाई आणि वास लागत नसे. हाडं उघडी पडली एवढं मी धरते, कोणी उकरली ते सोडून देते.

आईच्या मृत्यूचा भाग मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा जाणवतं की तो जवळजवळ सगळा आवाजातून आणि स्पर्शातून आलेला आहे. फोर्ट ब्रिजरनंतर लवकरच आई वातात गेली. वडील समोर असल्यासारखी त्यांच्याशी बोलत होती, सोडवा म्हणून विनवत होती. वाट धुळीने भरलेली. रात्री तांड्यातल्या बायका येऊन तिच्या तोंडावरची धूळ धुऊन काढत. शेवटच्या दिवशी रस्ता खडबडीत होता आणि ती दिवसभर कण्हत होती. रात्री एक बाई नेहमीप्रमाणे आली, विचारलं तर उत्तर नाही, झोप लागली असेल असं वाटून तिने तोंड धुतलं, मग हात हातात घेतला तेव्हा नाडी जवळजवळ लागत नव्हती. हे बारकावे कॅथरिनकडेच असू शकतात. सव्वा मीटर रुंदीच्या साट्यात, मोडका पाय घेऊन, ती आईच्या हाताच्या अंतरावर पडलेली होती. मटिल्डानेही म्हातारपणी आठवणी छापल्या, पण प्रवासात ती जेमतेम पाच वर्षांची होती. या प्रसंगापुरता माझा भर पूर्णपणे कॅथरिनवर असतो.

आईला ताप होता आणि तोंड आलं होतं एवढंच निवेदनात आहे. त्यावरून घरबसल्या रोगाचं नाव ठरवू नये. ‘छावणीचा ताप’ या नावाखाली त्या वाटेवर विषमज्वरासह कितीतरी आजार मोजले जात.

कबर रस्त्याजवळ होती. तळाशी विलोच्या फांद्या, अंगावरही त्याच, मग माती. लाकडी पाटीवर नाव कोरलं आणि तांडा निघाला. वडील गेल्यापासून सव्विसावा दिवस होता.

आता शिध्याचा हिशोब, कारण पुढे पीठ संपल्याचा उल्लेख येतो. १८५९ मध्ये सैन्यातले कप्तान रँडॉल्फ मार्सी यांनी ११० दिवसांसाठी दर प्रौढ माणसामागे दिलेलं प्रमाण असं: १५० पौंड पीठ, २५ पौंड खारवलेलं डुकराचं मांस आणि बरोबर चालवत नेलेली गुरं, १५ पौंड कॉफी, २५ पौंड साखर. म्हणजे पीठ माणशी रोज सुमारे ६२० ग्रॅम. आईवडील आणि दोन वाढते मुलगे असे चार पूर्ण वाटे, चार मुलींचे दोन, असे सहा वाटे धरू. रोजचं पीठ पावणेचार किलोच्या जवळ. ११० दिवसांना ४०८ किलो. पण हा प्रवास एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिन्यांचा झाला. तेवढ्याला ६७० किलो लागलं असतं. गाडीची माल वाहण्याची ताकद हजार किलोच्या आसपास, त्यात अंथरुणं, भांडी, हत्यारं, बियाणं, तंबू, आणि वर आजारी माणसं. सहा महिन्यांचं पीठ अशा एका गाडीत बसतच नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये पीठ संपणं ही गैरव्यवस्था नव्हती, गणितच तसं होतं. पुरामुळे सुरुवातीला गेलेले दिवस इथे अंगावर आले. कॅथरिन लिहिते की शॉ नवरा-बायकोने स्वतःजवळचा शेवटचा पावसुद्धा या मुलांत वाटून दिला. वरचा हिशोब केल्यावर त्या पावाचं मोल कळतं, कारण त्यांच्या गाडीतही तेच गणित होतं.

धाकटी मुलगी, जेमतेम चार महिन्यांची, तांड्यातल्या एका बाईने घेतली. बाकीची सहा मुलं कप्तान शॉ, त्यांची पत्नी आणि तो जर्मन डॉक्टर यांच्या भरवशावर. आईने मरण्यापूर्वी डॉक्टरला मुलं सांभाळायला सांगितलं होतं आणि त्याने शब्द पाळला. मधे एक तरुण हाकायला पगारावर ठेवला होता; शिकार आणतो म्हणून बंदूक घेऊन गेला आणि पुढच्या तांड्यातल्या आपल्या प्रेयसीकडे पोचला, परत आला नाही. पगारी हाकणारा निघून जाणं या वाटेवर नवं नव्हतं. गाडी कुटुंबाची, जीव त्याचा; पुढचा तांडा वेगाने जात असेल तर तो तिकडे जाई.

स्नेक नदीवर थांबून त्यांनी गाडीची दोनचाकी केली. वाचताना हे वाक्य पटकन निसटून जातं, पण काम बारकाईचं आहे. दोन आखांना जोडणारी तुळई काढायची, साटा करवतीने कापायचा, अर्धा साटा ज्या आखाला दांडी आहे त्यावर बसवायचा. पुढचा आख खिळीवर फिरतो, दोनचाकीला ते चालत नाही, म्हणून तो पक्का बांधावा लागतो. आणि मग भार तोलायचा. चारचाकीत माल पुढे-मागे झाला तरी बैलांच्या मानेला कळत नाही. दोनचाकीत माल मागे गेला की उलाळ होते, जू वर उचललं जाऊन गळा आवळतो; पुढे आला की सगळा भार मानेवर. थकलेल्या बैलांसाठी हे केलं, तर तोल अचूक हवाच. आपल्याकडच्या गाडीवानाला हे सांगावं लागत नाही. चारचाकीत वाढलेल्या लोकांना ते वाटेत शिकावं लागलं. उरलेलं सामान काही विकलं, काही माळावर टाकून दिलं. लोहाराची हत्यारं त्यात गेली का, हे कॅथरिन सांगत नाही.

तारखांचा ताळा इथे लावून पाहते. लॅरमी १ ऑगस्ट, ब्लू माउंटन्सच्या डोंगरांपलीकडचं उमाटिला १५ ऑक्टोबर, दोन्ही तारखा तिच्या. मधे ७५ दिवस आणि सुमारे १,७०० किलोमीटर, म्हणजे रोज साधारण २३. बैलांच्या तांड्याला हाच वेग शोभतो, तेव्हा दोन्ही टोकं पक्की. लॅरमी ते ग्रीन नदी सुमारे ५६० किलोमीटर, म्हणजे वडिलांचा मृत्यू ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात. त्यात २६ दिवस मिळवले की आई गेली ती २० सप्टेंबरच्या पुढेमागे, आणि तेवढ्या दिवसांत ६०० किलोमीटर गेले तर जागा येते आयडाहोतल्या आजच्या ट्विन फॉल्सच्या आसपास. तिथून ग्रांड राँड खोरं ४८० किलोमीटरच्या घरात, निदान वीस दिवसांची वाट. त्यात गाडी कापायचा मुक्काम. म्हणजे तिथे पोचायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडायला हवा. कॅथरिन मात्र सप्टेंबरअखेर म्हणते. ही एक तारीख सैल आहे असं मी मानते. त्यामुळे प्रसंग खोटा ठरत नाही. ग्रांड राँडला एका बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला आणि डॉक्टरने आपले हात भाजून घेत तिला वाचवलं. अशी गोष्ट बहिणीला आठवते, पंचांग आठवत नाही.

पायघोळ सुती झगा आणि जमिनीलगतची उघडी शेकोटी, हे मुलींच्या भाजण्याचं नेहमीचं कारण. प्लॅटच्या काठी लाकूड नसे, तिथे बायसनचं वाळलेलं शेण जाळत आणि ते ओच्यात गोळा करण्याचं काम मुलांकडे असे. डोंगरात लाकूड मिळे, पण ओलं. फ्रान्सिसने अशाच एका ओल्या लाकडाच्या जाळावर बंदुकीची दारू ठेवायचं शिंग धरलं, म्हणजे त्या दारूने लाकूड पेट घेईल. शिंगच फुटलं. तो ओढ्याकडे धावला आणि परत आला तो भुवया-पापण्या जळालेल्या, तोंड काळंठिक्कर. अकरा-बारा वर्षांचा मुलगा बापाच्या जागी उभा राहायला बघत होता.

ब्लू माउंटन्समध्ये रोज काहीच मैल जाता येत होतं, बैल वाटेत बसत आणि तिथेच राहत. मागे सुटलेली अशी जनावरं हाकत आणून मालकाला परत देणारे होते ते शिकारीहून परतणारे स्थानिक लोक. उमाटिलाला प्रवासातले पहिले बटाटे विकत मिळाले तेही त्यांच्याचकडून. १७ ऑक्टोबरला दोनचाकी व्हिटमन मिशनकडे निघाली. तान्ही बहीण फार आजारी म्हणून मागे ठेवलेली. निरोप देणाऱ्या शॉबाई नंतर म्हणायच्या की अनाथ मुलांनी भरलेल्या त्या गाडीसारखं केविलवाणं दृश्य त्यांनी दुसरं पाहिलं नाही.

मिशन चालवणाऱ्या मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन या ख्रिस्ती धर्मप्रसारक दांपत्याने सगळ्या मुलांना ठेवून घेतलं. त्यांची एकुलती मुलगी १८३९ मध्ये, दोन वर्षांची असताना, नदीत बुडाली होती. बाळही पुढे तिथेच आलं आणि जगलं. मिशन कायूस लोकांच्या भूमीवर होतं. १८४७ मध्ये गोवराच्या साथीत कायूसांची फार माणसं गेली, आणि २९ नोव्हेंबरला त्यांच्यातल्या काहींनी मिशनवर हल्ला केला. व्हिटमन दांपत्य आणि सेगरांचे जॉन व फ्रान्सिस मारले गेले. लुइझा ओलीस असताना गोवराने दगावली. १८५० मध्ये ओरेगन सिटीत पाच कायूस पुरुषांना फाशी झाली.

म्हणून मजकुराला मी दुसरी रेघ ओढते ती मिशनच्या दारात. कॅथरिन १८६० च्या सुमारास लिहायला बसली तेव्हा दोन्ही भाऊ नव्हते. प्रवासात मदत करणाऱ्या कायूसांबद्दलची तिची वाक्यं त्यानंतरही कडवट झालेली नाहीत, ही गोष्ट मला तिच्या विश्वासार्हतेची मोठी खूण वाटते. प्रवासाचा भाग आणि १८४७ चा भाग निरनिराळ्या बैठकींत वाचावेत. एका दमात वाचले की दुसऱ्याची सावली पहिल्यावर पडते.

बॉइसी किंवा पोर्टलंडच्या बाजूला राहणाऱ्या मराठी वाचकांना हा मुलूख गाडीने पाहता येतो. आंतरराज्य महामार्ग ८४ आयडाहोपासून ब्लू माउंटन्सपर्यंत जुन्या वाटेच्या बराच जवळून जातो. ट्विन फॉल्स ते ला ग्रांड हा पट्टा एका दिवसात पार होतो. निघताना मैलमापक शून्यावर आणा आणि दर २३ किलोमीटरला एक मुक्काम मोजा. पुढे वाला वालाजवळ व्हिटमन मिशनची जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. तिथे जाण्याआधी कॅथरिनचा मजकूर १ ऑगस्टपासून पुढे एकदा वाचून घ्यावा.